शब्दांची सोयरीक: लॅटिन रूट्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले होते की इंग्रजी शब्द एकेकटे पाठ करण्यापेक्षा त्यांचं खानदान शोधा, म्हणजे लॅटिन या जुन्या रोमनांच्या भाषेतलं त्यांचं रूट, मूळ, शोधा, आणि त्यावर इतके प्रश्न आले की आजचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींना थोडक्यात उत्तर आहे, काहींना लांबलचक आहे कारण विषयच तसा आहे.

ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. इंग्रजी व्होकॅबसाठी एका लिस्टमधून तीनशे रूट्स पाठ केले, रोज दहा, महिनाभर. आता त्यातले जेमतेम पंधरा आठवतात आणि परीक्षेत अनोळखी शब्द आला की तेही सुचत नाहीत. माझं काय चुकतंय? की ही पद्धतच फसवी आहे?

पद्धत फसवी नाहीये, तू फक्त उलट्या टोकाने सुरुवात केलीस. "जेक्ट म्हणजे फेकणे" हे नुसतं पाठ केलं तर तो तीनशे एकावा अनोळखी शब्दच झाला ना, त्याला मनात लटकायला खुंटीच नाही. खुंटी आधी पाहिजे, आणि ती तुझ्याकडे आहे, कारण जेक्टचे कितीतरी शब्द आपण मराठी बोलतानासुद्धा वापरतो. इंजेक्शन, प्रोजेक्ट, रिजेक्ट, सब्जेक्ट, ऑब्जेक्शन, पेनड्राइव्ह काढताना इजेक्ट. आता हे सगळे एका पानावर एकाखाली एक लिही आणि मग सांग की लॅटिनमधे याकेरे म्हणजे फेकणे, त्याचंच रूप पुढे जोडून आलं की जेक्ट होतं. इन म्हणजे आत, तर इंजेक्शन म्हणजे आत फेकलेलं औषध. री म्हणजे मागे, रिजेक्ट म्हणजे परत फेकून दिलं. प्रो म्हणजे पुढे, म्हणून भिंतीवर चित्र पुढे फेकणारा तो प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्ट म्हणजे पुढच्या काळात टाकलेली योजना. ऑब म्हणजे समोर, ऑब्जेक्शन म्हणजे कुणीतरी वाटेत समोर काहीतरी आणून टाकलं. इ म्हणजे एक्सचंच छोटं रूप, बाहेर.

हे सगळे शब्द तुला आधीच येत होते, नवीन काही शिकलीच नाहीस अजून, पण आता रूट घट्ट बसलं. यानंतरच अनोळखी शब्द आणायचे आणि तेही दोन-तीनच. ट्रॅजेक्टरी, आडवं पार फेकलेल्या वस्तूचा मार्ग. डिजेक्टेड, डी म्हणजे खाली, मन खाली फेकलं गेलेला माणूस, म्हणजे खिन्न. कंजेक्चर, चार गोष्टी एकत्र फेकून बांधलेला अंदाज. ग्रामर शिकताना अ‍ॅडजेक्टिव्ह आणि इंटरजेक्शन पाठ केलेलं असतं ना, तेही याच घरातले, एक नामाच्या जवळ टाकलेला शब्द आणि दुसरा वाक्याच्या मधेच फेकलेला उद्गार.

एका रूटला वहीचं एक अख्खं पान दे आणि पान अर्धं रिकामं ठेव, कारण पुढचे सहा महिने वाचताना त्या घरातले शब्द भेटत राहणार आणि तू ते तिथे भरत जाणार. नवीन शब्दासमोर अर्थ लिहिलास तरी चालेल पण तो जिथे भेटला ते वाक्य लिहिलंच पाहिजे, त्याशिवाय शब्द वापरता येत नाही, नुसता ओळखता येतो. आणि तीनशे रूट्स नकोतच. माझं स्पष्ट मत आहे की तीस-चाळीस रूट्स आणि वीसेक उपसर्ग नीट मुरले की पुढची वाट आपोआप सापडते. पुढच्या पानांसाठी नावं देते, स्पेक्ट म्हणजे पाहणे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे, स्क्रिप्ट लिहिणे, डक्ट नेणे, ट्रॅक्ट ओढणे, रप्ट फुटणे, डिक्ट बोलणे, व्हर्ट वळणे, मिट किंवा मिस पाठवणे, व्हिड किंवा व्हिस दिसणे. रप्टपासून कर, फार मजा येते, इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट, इरप्शन, अब्रप्ट, सगळ्यात काहीतरी फुटतंय किंवा तुटतंय.

इंग्रजी ही तर जर्मन गटातली भाषा ना? मग तिच्यात एवढं लॅटिन आलं कुठून? आणि यासाठी लॅटिन शिकावं लागेल का?

लॅटिन शिकायची गरज नाही. व्याकरण, विभक्ती काही नको, फक्त रूट्स.

इंग्रजीचा पाया जर्मनिकच आहे हे बरोबर. घरातले, अंगाखांद्यावरचे शब्द, मदर, हँड, ईट, गो, हाउस, वॉटर हे सगळे तिथले. पण 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि राजदरबार, कोर्टकचेरी, कायदा सगळं फ्रेंचमधे गेलं, ते इतकं की कोर्टात तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करावा म्हणून 1362 मधे वेगळा कायदा करावा लागला. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक, त्यामुळे तिच्यातून लॅटिन शब्द आले, आणि नंतर युरोपात जुनी विद्या पुन्हा वाचायला लागले तेव्हा विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलले. म्हणून एकच शब्द दोनदा आलेला दिसतो, एकदा फ्रेंचच्या तोंडातून झिजून आणि एकदा पुस्तकातून कोरा करकरीत. फ्रेल आणि फ्रॅजाइल एकच, पुअर आणि पॉपर एकच, शुअर आणि सिक्युअर एकच. सिक्युअर म्हणजे से कुरा, काळजीशिवाय, निर्धास्त.

याचा तुम्हाला एक प्रॅक्टिकल फायदा आहे. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट या तिन्हींचा अर्थ विचारणे, पण पहिला घरचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला आणि तिसरा थेट लॅटिनचा, आणि वजन तसंच चढत जातं. मित्राला आपण आस्क करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. लॅटिन शब्द बहुतेक वेळा जास्त औपचारिक असतो. तेव्हा रूट्स शिकून शब्द वाढले म्हणून साध्या मेसेजमधे ते कोंबू नका, तिथे घरचेच शब्द शोभतात.

माझा मुलगा आठवीत आहे. अर्थ येतो पण स्पेलिंगमधे डबल अक्षर कुठे आणि सिंगल कुठे यात नेहमी मार्क जातात. अ‍ॅकॉमोडेट तर दर वेळी चुकतं. रूट्सचा इथे काही उपयोग आहे का?

खूप आहे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे पण कुणी सांगत नाही. त्याला संधी शिकवलाय का शाळेत? उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन, जगत् अधिक नाथ जगन्नाथ. पहिल्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या व्यंजनासारखं होतं आणि जोडाक्षर तयार होतं. लॅटिनमधे उपसर्गांचं नेमकं हेच होतं! अ‍ॅड म्हणजे कडे, जवळ. तो पुढे आला की त्याचा डी पुढच्या अक्षरात विरघळतो. अ‍ॅड अधिक ट्रॅक्ट म्हणजे अट्रॅक्ट, डबल टी. अ‍ॅड अधिक सिस्ट, असिस्ट, डबल एस. सब अधिक पोर्ट, सपोर्ट, डबल पी. ऑब अधिक पोज, ऑपोज, डबल पी. डिस अधिक फर, डिफर, डबल एफ. इन अधिक लीगल, इल्लीगल, डबल एल, आणि इन अधिक रेग्युलर, इर्रेग्युलर, डबल आर.

आता अ‍ॅकॉमोडेट घ्या. अ‍ॅड, मग कॉम, मग मोड. अ‍ॅडचा डी पुढच्या सीसारखा झाला म्हणून डबल सी, कॉमचा एम आणि मोडचा एम एकत्र आले म्हणून डबल एम. मुलाला एकदा हे तीन तुकडे वेगवेगळ्या रंगात लिहून दाखवा, पाठ करायची वेळ येणार नाही. तसंच रेकमेंड, रे अधिक कमेंड, रेला डबल व्हायला काही कारणच नाही म्हणून सी एकच आणि एम दोन. डिसअपॉइंट, डिस अधिक अपॉइंट, एस एकच कारण पुढे स्वर आहे, पी दोन. डिससॅटिस्फाइड मात्र डबल एस कारण सॅटिस्फाइडचा एस पुढे उभाच आहे. ही शेवटची जोडी मुलं हमखास उलटी लिहितात.

इम्पॉसिबलमधे एन जाऊन एम का येतो हेही विचारेल तो. त्याला संतोष आणि संपूर्ण हे शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. अनुस्वार एकच पण तच्या आधी न ऐकू येतो आणि पच्या आधी म, कारण प म्हणताना ओठ मिटतात. तोंड सगळ्या माणसांचं सारखंच, रोमनांचंही.

फक्त त्याला हेही सांगा की प्रत्येक डबल अक्षरामागे उपसर्ग नसतो. रनिंगमधला डबल एन हा इंग्रजीचा स्वतःचा नियम आहे, तिथे लॅटिन शोधत बसू नये.

ताई, तुमचं वाचून मी अंदाज बांधायला लागलो आणि चक्क तोंडावर आपटलो. इन म्हणजे नाही, म्हणून इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं असं लिहिलं, उत्तर चुकलं. मग भरवसा ठेवायचा कशावर?

भरवसा ठेवायचा पण रूटवर एकट्यावर नाही. तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मी तो मागच्या वेळीच सांगायला हवा होता.

लॅटिनमधे दिसायला एक असे दोन इन आहेत. एक नकाराचा, इनकरेक्ट, इनव्हिजिबल. दुसरा आत किंवा च्या दिशेने या अर्थाचा, इन्क्लूड, इंजेक्ट, इन्स्पेक्ट. इनफ्लेमेबलमधला दुसरा आहे, ज्यात ज्वाळा शिरते ते. तुमची चूक एकट्याची नाही, लोक जिवाला मुकतील अशी ही चूक आहे म्हणून विसाव्या शतकात टँकरवर आणि डब्यांवर इनफ्लेमेबलऐवजी नुसतं फ्लेमेबल लिहायला सुरुवात केली. दोन्हींचा अर्थ एकच, पेटणारं. आणि न पेटणारं असेल तर नॉनफ्लेमेबल. इनव्हॅल्युएबल असाच फसवतो, तिथे इन नकाराचाच आहे पण नकार किमतीला नसून किंमत ठरवता येण्याला आहे, म्हणजे अमूल्य. मराठीत अमूल्य म्हणजे फुकट असं आपण कधी म्हणतो का, तसंच.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे दोन वेगळ्या घरची एकसारखी दिसणारी मुलं. पेड हा लॅटिनमधे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. पण पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर नाही, तिथला पेड ग्रीकमधून आलाय, पाइस म्हणजे मूल. होमिसाइडमधला होमो लॅटिनचा, माणूस, आणि होमोजीनसमधला ग्रीकचा, सारखा.

तिसरं, अर्थ चालत चालत कुठल्या कुठे जातो. प्रिव्हेंट म्हणजे नुसतं आधी येणे, प्री अधिक व्हेन, आधी येऊन वाट अडवली म्हणून टाळणे, हा अर्थ समजल्यावर पटतो पण आधी सुचला नसता. इग्रिजियस म्हणजे कळपातून बाहेर उठून दिसणारा, पूर्वी हा कौतुकाचा शब्द होता, आज भयंकर चुकीसाठी वापरतात. संस्कृतात हृ धातूचं हेच होतं ना, आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, धातू एकच आणि अर्थ पाहा. संस्कृत शिकताना एक जुना श्लोक सांगतात त्याचा भावार्थच हा आहे की उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडेच नेतो. ज्याला प्रहार माहीत नाही त्याला नुसत्या हृ वरून तो कळणार नाही, पण ज्याला एकदा कळला तो विसरणारही नाही.

म्हणून माझा क्रम असा असतो, आधी वाक्य वाचा, वाक्यावरून अंदाज करा, मग रूटला विचारा की हा अंदाज बसतोय का, आणि शेवटी डिक्शनरी. वाक्य आणि रूट भांडायला लागले तर वाक्याचं ऐका.

जाता जाता एक गोष्ट. मोबाईलवर फिरणाऱ्या शब्दांच्या कथा जपून घ्या. सिन्सिअर हा शब्द साइन सेरा म्हणजे मेणाशिवाय यावरून आला, कारण मूर्तिकार तडे मेणाने बुजवायचे, ही गोष्ट फार गोड आहे पण तिला आधार नाही. सॅलरीचा सालशी म्हणजे मिठाशी संबंध खरा आहे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून द्यायचे याला पुरावा नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर संस्कृत शिकवलं. आपले प्रश्नोत्तर नातीमुळे वाचतो. लॅटिन शब्द वाचताना पदोपदी संस्कृत आठवतं. हा माझा भास की खरंच नातं आहे? आणि मूळ कोणाचं?

सर, भास अजिबात नाही. 1786 मधे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, तिन्हींचा उगम एकच असला पाहिजे आणि तो कदाचित आता शिल्लक नाही. म्हणजे आई-मुलीचं नातं नाही, बहिणीबहिणींचं आहे. कोणी कोणाकडून शब्द घेतले नाहीत, दोघींनी माहेरून आणले.

आणि तुमच्यासारख्यांना यात केवढा मोठा फायदा आहे! दंत माहीत आहे, डेंटल आला. नव माहीत आहे, नोवुस आला आणि त्यामागून इनोव्हेशन, रिनोव्हेट. मृत माहीत आहे, तर मॉर्टल, मॉर्च्युअरी, आणि इममॉर्टल म्हणजे अक्षरशः अमर, उपसर्गासकट. युज् धातू, योग, आणि लॅटिनमधे युंगेरे, त्यावरून जंक्शन. नौ आणि नेव्ही, नेव्हिगेशन. पश्यति आणि स्पेक्ट हेसुद्धा एकाच मुळाचे, संस्कृतात हेराला स्पश म्हणतात त्यात तो स अजून जिवंत आहे. सप्त, अष्ट, नव, दश म्हणा आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणा, रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं म्हणून नावाने सातवा असलेला महिना आता नववा झालाय. मला सगळ्यात आवडतं ते वाच्. लॅटिनमधे वोक्स म्हणजे आवाज, वोकारे म्हणजे बोलावणे, त्यावरून अ‍ॅडव्होकेट म्हणजे मदतीला बोलावलेला, आणि त्यावरूनच व्होकॅब्युलरी. म्हणजे ज्या शब्दसंग्रहासाठी ही सगळी धडपड चाललीय त्या शब्दाच्या पोटातच आपली वाचा बसलीय.

नातीला एवढं मात्र सांगा की सारखं दिसलं म्हणून नातं असतंच असं नाही. इंग्रजी डे आणि आपला दिवस हे सोयरे वाटतात, पण नाहीत. दिवसाचं नातं लॅटिनच्या दिएसशी आहे, आणि त्यावरून आली ती डायरी.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मूत्रपिंडाला कधी रीनल म्हणतात कधी नेफ्रो, फुप्फुसाला कधी पल्मनरी कधी न्यूमो. एकाच अवयवाला दोन शब्द का?

कारण एक लॅटिन आहे आणि एक ग्रीक. सगळीकडे चालणारा नियम नाही पण ढोबळमानाने असं दिसतं की अवयवाचं वर्णन करताना लॅटिन आणि आजार किंवा त्याचं शास्त्र सांगताना ग्रीक. रीनल आर्टरी, पण नेफ्रायटिस. पल्मनरी, पण न्यूमोनिया. ऑक्युलर, पण ऑप्थॅल्मॉलॉजी. क्युटेनियस, पण डर्मटायटिस. आयटिस म्हणजे दाह, तो ग्रीक, म्हणून त्याच्या आधी बरेचदा ग्रीकच येतो. तू वहीत अवयवागणिक दोन रकाने कर, लॅटिन आणि ग्रीक, दोन आठवड्यात गोंधळ संपेल.

इंजेक्शनचे प्रकार तर तुला आता फोडता येतीलच. इंट्रा म्हणजे आत, व्हेना शीर, इंट्राव्हीनस. सब म्हणजे खाली, क्युटिस त्वचा, सबक्युटेनियस. इंट्रामस्क्युलर स्नायूत, आणि मसलचा मूळ शब्द मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. दंडातली बेडकी वरखाली होते ना, रोमनांना तिथे कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडकी दिसली.

रिसीटमधे पी कशाला? उच्चार तर होत नाही.

फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा पी नव्हताच. नंतर लिहिणाऱ्यांना आठवलं की लॅटिनमधे हा रेसेप्टा आहे, कापेरे म्हणजे घेणे या घरातला, म्हणून त्यांनी पी परत लिहिला, पण बोलणाऱ्यांनी तो कधी उचललाच नाही. डेटमधला बी असाच देबितुमवरून, डाउटमधला दुबितारेवरून. गंमत म्हणजे डिसीट आणि कन्सीट हे रिसीटचे सख्खे भाऊ, त्यांच्यात मात्र पी टिकला नाही, त्यामुळे ते दोन लिहिताना पी घालू नका.